धिंगरीच्या चौदा पिशव्या आणि मी

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. दोनशे लिटर पाणी मावेल एवढं माझं पोट. तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात, नत्थुजींच्या कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, दाराबाहेर, तीन दगडांवर मी बसलेला असतो. मित्रांनो, माझ्याजवळ यायचं असेल तर आधी लांबूनच विचारा, "चूल पेटली आहे का?" पेटली असेल तर तिथेच थांबा आणि तिथूनच ऐका. काळजी करू नका, माझा आवाज मोठा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची एक सपाट चादर वाकवली, शिवण सांधली, वर-खाली झाकणं बसवली, आणि झालो मी तयार. पहिलं काम मिळालं अकोल्याला, एका तेलगिरणीत. सरकीचं तेल भरून मला इकडून तिकडे पाठवत. तेलाने माझं अंग आतून कसं गुळगुळीत राही! ते दिवस लवकर संपले. रिकामा झालो तसं मला बाळापूरच्या महादेवरावांनी घेतलं. त्यांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाला लागणाऱ्या सतरंज्या, कढया, मांडवाचे बांबू, सगळं त्यांच्याकडून भाड्याने जाई. त्यांनी छिन्नीने माझं डोकं कापलं. दुखलं, पण कापलेली चकतीच माझं झाकण झाली, म्हणून फार मनाला लावून घेतलं नाही.

किती लग्नं पाहिली असतील मी! ओल्या पोत्यात गुंडाळून मला मांडवाच्या कोपऱ्यात उभं करत. वाढपी पळत येत, पाण्याचा जग बुडवत, पळत जात. एकदा भर वैशाखात नवरदेवाचे मामा माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले होते, "महादेवराव, तुमच्या ड्रमातलं पानी फ्रिजच्या वरताण हाये बा!" ते वाक्य मला अजून आठवतं. कौतुक झालं की लोखंडालाही बरं वाटतं.

मग निळे प्लास्टिकचे ड्रम आले. ते हलके, गंजत नव्हते, ठेवताना वाजत नव्हते. मला मागच्या खोलीत ढकललं. नत्थुजींची बहीण बाळापुरात राहते. तिच्याकडे ते आले असताना त्यांनी मला पाहिलं आणि टेम्पोत टाकून गावी आणलं. इथे मी म्हशीच्या पाण्याला होतो. पुढे सिमेंटचा हौद बांधला गेला आणि मी आडवा झालो. एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तिचाही मला आधार होता, खोटं कशाला बोलू.

अशी चार-पाच वर्षं गेली. आणि एके दिवशी, दसरा झाल्यावर, रूपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

रूपाली म्हणजे नत्थुजींची सून. शिकलेली. पियुष तिचा नवरा, तो शेती बघतो. त्यांची मुलगी दामिनी, दोन वर्षांची, तेव्हा रूपालीच्या कडेवर होती. रूपालीने मला सरळ उभं केलं, आत डोकं घातलं आणि वास घेतला. बराच वेळ घेतला.

"बाबा, यात आधी काय होतं?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"पानी," नत्थुजी म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"तेल होतं म्हने."

"म्हणे नको, नक्की सांगा ना. फवारणीचं औषध तर नव्हतं?"

"अवं, मी का त्याचा बाप हावो का, जलमापासून माहीत असाले?"

पण रूपालीने काही सोडलं नाही. बाळापूरला फोन लावला, महादेवरावांशी बोलली, सरकीच्या तेलाची गोष्ट तिसऱ्यांदा वदवून घेतली, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मग राखेने घासून मला तीन वेळा धुतलं. कोंबडी दूर उभी राहून रागाने बघत होती. मला मात्र फार नवल वाटलं. एवढ्या आयुष्यात, तू आधी कुठे होतास, असं मला कोणीच विचारलं नव्हतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

रूपालीने अकोल्याला जाऊन धिंगरीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. धिंगरी ही एक अळिंबी असते, मशरूम म्हणता ना तुम्ही, तीच. शिंपल्यासारखी, पांढरट, घडांनी येते. ती मातीत लावत नाहीत. लाकडाच्या भुशावर, पिशव्यांमध्ये येते. रूपालीला ती घरच्या रिकाम्या कोठ्यात करायची होती. कारण तिच्यासमोर दोनच वाटा होत्या. अमरावतीच्या एका दवाखान्यात कागदपत्रं ठेवायचं काम तिला मिळत होतं. त्यासाठी सकाळी आठची बस धरायची आणि संध्याकाळी सातला परत यायचं. म्हणजे दामिनी जागी असताना आई फारशी भेटणारच नाही. दुसरी वाट म्हणजे ही धिंगरी. कोठा अंगणातच, मुलीचं रडणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर. दवाखान्याने जानेवारीच्या एक तारखेपर्यंत जागा राखून ठेवली होती.

नत्थुजींनीही तीच तारीख धरली. ओट्यावर बसून त्यांनी सांगून टाकलं, "हे पाय रूपाली, एक तारखेपर्यंत कोठा तुहा. तोवर त्यात फूल दिसलं तं ठीक. नाई तं मी म्हशीच्या चाऱ्याचं कुटार भरतो, अन तू तुह्या नवकरीवर जाय. मंग माह्यावर रुसाचं नाई."

"नाही रुसणार बाबा."

"अन मले एक सांग, लाकडाचा भुसा खाते कोन? उधई!"

"धिंगरीपण खाते."

"मंग तिले सांगून ठेव, घराच्या दारायले तोंड लावू नोको म्हना."

पियुष हसला. रूपालीही हसली, पण हसता हसता तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. ते फक्त मी पाहिलं.

भुसा आला चांदूर रेल्वेच्या आरागिरणीतून. रूपालीने आधीच बजावून ठेवलं होतं, की सागाचा नको, त्यावर धिंगरीची बुरशी धरत नाही. आंब्याचा, बाभळीचा, असा आडजात भुसा हवा. नुसत्या भुशात ताकद कमी असते, म्हणून त्यात थोडं पूरक खाद्य घालतात. गव्हाचा कोंडा, डाळ मिलमधली तुरीची चुनी, किंचित चुना. शेतात आणि गिरणीत जे उरतं, तेच सगळं. रूपालीने ताडपत्रीवर ढीग घातला. दहा टोपली भुशाला एक टोपलं कोंडा आणि चुनी, एवढंच. पाणी शिंपडून कालवलं, मूठ आवळून पाहिली. बोटांमधून दोनच थेंब पडले. तिला हवं होतं तसंच.

तिची सासू आशाबाई बाजूला तूर पाखडत बसली होती. तिने आजवर डझनभर म्हशी पोसल्या आहेत. गावात तिची म्हैस ओळखू येते, एवढी ती तुकतुकीत असते. तिला हे माप काही पटेना.

"दहा टोपल्याले एक?" ती म्हणाली. "माही म्हैस असती तं लाथ मारली असती तुले."

"आई, ही म्हैस नाही ना."

"जीव तं हाये ना? जीवाले खाले लागते, पोरी."

तेवढ्यात घरात दामिनी झोपेतून उठली आणि रडू लागली. रूपाली हातातलं टाकून पळाली. आशाबाई उठली. कोठ्याच्या कोपऱ्यात म्हशीसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, ठेवलेली होती. तिने ढेप कुटली, चाळली, टोपलंभर आणली आणि ढिगावर ओतली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि आणखी अर्धं टोपलं आणलं. हाताने छान एकजीव केलं, जसं म्हशीचं आंबोण कालवतात तसं.

"खाय माय, पोटभर," ती त्या ढिगाला म्हणाली.

मित्रांनो, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या सुनेचं काम नीट व्हावं, एवढंच तिला वाटत होतं. मी हे सगळं पाहिलं. पण मला हात नाहीत, आणि वाजायला मला कोणीतरी ठोकावं लागतं.

रूपाली परत आली आणि तिने पिशव्या भरल्या. चौदा झाल्या. माझ्या तळाशी विटा, विटांवर जाळी, खाली पाणी आणि वर त्या चौदा पिशव्या. झाकणावर ओलं पोतं आणि पोत्यावर दोन दगड. खाली पऱ्हाटी पेटली, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या. रूपालीने माझ्याभोवती राखेचं मोठं गोल रिंगण आखलं आणि दामिनीला दाखवलं.

"याच्या आत यायचं नाही. कोण आहे आत?"

"हाऊ," दामिनी म्हणाली.

तो हाऊ म्हणजे मी. वाईट वाटलं, पण नाव योग्य होतं. वाफ सुटल्यापासून चार तास मी तापत होतो. भुशातल्या नको त्या बुरश्या माराव्यात, म्हणजे पिशवीत धिंगरी एकटीच सुखाने वाढेल, हे माझं काम. रूपाली दर अर्ध्या तासाने येऊन वाफ बघत होती, घड्याळ बघत होती, रिंगण बघत होती.

दुसऱ्या दिवशी गार झालेल्या पिशव्यांमध्ये बी भरायचं होतं. धिंगरीचं बी म्हणजे ज्वारीचे दाणे, पांढऱ्या धाग्यांनी वेढलेले. आशाबाईने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"दुकानदारानं फसवलं वं तुले. या ज्वारीले तं बुरशी लागली!"

"तीच तर पाहिजे आपल्याला."

"मंग माह्या कोठीत सडली होती ते काहून फेकली मी?"

पिशव्या कोठ्यात दोरीला टांगल्या आणि दार बंद झालं. मला आतलं काही दिसत नाही. आत जाणाऱ्याचा आणि बाहेर येणाऱ्याचा चेहरा, एवढंच मला दिसतं. पहिले तीन दिवस रूपाली हसतमुख बाहेर येत होती. चौथ्या दिवशी ती आली, तेव्हा तिचा उजवा हात उलटा होता. आई मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघते ना, तशी ती पिशव्यांना हात लावून आली होती.

"गरम लागतात," ती पियुषला म्हणाली. "तापल्यासारख्या."

"आत कोंडतं असेल. खिडकी उघड."

खिडकी उघडली. दोन दिवसांनी आंबूस वास दाराबाहेर माझ्यापर्यंत आला. आठव्या दिवशी रूपाली एक पिशवी उजेडात घेऊन आली. पांढरं जाळं धरायच्या जागी तिच्यात हिरवट डाग पडले होते. मग दुसरी आणली, मग तिसरी. चौदाही तशाच निघाल्या.

रूपाली रडली नाही. तोंडाला ओढणी बांधून तिने सगळ्या पिशव्या शेताच्या टोकाला नेऊन पुरल्या, हात धुतले, दामिनीचे हात धुतले, परत स्वतःचे धुतले. मग प्रशिक्षणातली वही घेऊन ती ओट्यावर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. "हिरवी बुरशी येण्याची कारणं. वाफ कमी बसणे. बी खराब असणे. पूरक खाद्याचं प्रमाण जास्त होणे, त्यामुळे पिशवी तापते..." तिथे ती थांबली. "ते तर मी मोजून टाकलं होतं. मग वाफच."

आशाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. रूपालीने ते पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. ती उठली, माझं झाकण उचललं, त्याच्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं.

"झाकणच नीट बसत नाही याचं. वाफ सगळी बाहेर गेली असणार. माझंच चुकलं, असला ड्रम घ्यायलाच नको होता."

तिने मला लाथ मारली असती तर बरं झालं असतं. तिने मला फक्त कडेला ढकललं. पियुषने संध्याकाळी मला लोळवत नेऊन उकिरड्याजवळ टाकलं. रात्रीचं दव आत साचलं, तळाला गंज चढू लागला. भंगारवाला आला की देऊन टाकू, असं नत्थुजी म्हणाले. मला भंगाराची भीती नव्हती. लोखंडाला पुन्हा आकार मिळतो. पण जे मी केलं नाही ते माझ्या नावावर लागलं होतं, ते मात्र लागलं.

नोव्हेंबर सरत आला होता. दवाखान्यातून फोन आला, की एकदा येऊन काम बघून जा. रूपाली पहिल्यांदाच सकाळी आठच्या बसने अमरावतीला गेली. उकिरड्यावरून मला फाटक दिसत होतं. दामिनी फाटकाची कडी धरून उभी होती. बस गेली तरी उभीच होती. पियुष शेतात कापसाची वेचणी बघायला गेला. नत्थुजी विजेचं बिल भरायला गेले. घरी आजी आणि नात राहिल्या.

आशाबाईने तिला परोपरीने रिझवलं. आधी दूधपोळी दिली. रडली तशी केळ दिलं. मग शिरा केला. फाटकाशी बसवून घास भरवत राहिली. "हा चिऊचा. हा काऊचा. हा तुह्या आबाचा. अजून एक, माय, अजून एक." पोर रडत होती आणि गिळत होती. आशाबाईला वाटलं, पोट भरलं की आईची आठवण जाईल. दुपारी दामिनी भडभडा ओकली. अंगावर, आजीच्या लुगड्यावर, सगळीकडे. अंगही थोडं कोमट लागायला लागलं. आशाबाई घाबरून गेली. तिला कडेवर घेऊन ती अंगणात येरझाऱ्या घालत राहिली, सात वाजेपर्यंत.

रूपाली फाटकातून आली तीच पळत. चप्पल काढायचीही तिला शुद्ध नव्हती. मुलीच्या कपाळाला हात, पोटाला हात, जीभ बघितली, डोळे बघितले.

"काय काय खाल्लं हिने?"

आशाबाईने एकेक सांगितलं. रूपालीने ओठ घट्ट मिटले. मग अगदी हळू म्हणाली, "आई, तिला भूक नव्हती. तिला मी पाहिजे होते. भूक नसताना कोंबलं की पोटात सडतं ते, अंग तापतं."

एवढं बोलून ती मुलीला पाणी पाजू लागली. आशाबाई मात्र होती तिथेच उभी राहिली. सडतं, तापतं. हे दोन शब्द तिने तोंडातल्या तोंडात म्हटलेले मी ऐकले. ओट्याच्या दिव्याखाली तिचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"रूपाली," ती म्हणाली. "एक गोष्ट हाये. रागावजो नोको. नाई, रागाव. रागावली तरी चालते."

"काय झालं आई?"

"तुह्या त्या भुशात मी ढेप टाकली होती. दीड टोपलं."

रूपालीने वर पाहिलं.

"मले वाटलं, उपाशी रायते बिचारं," आशाबाई म्हणाली. तिला पुढे बोलवेना, तरी ती बोलली. "मंग तू वहीत वाचलं, तवाच माह्या ध्यानात आलं. पन तोंड उघडलं नाई. म्हटलं, सासू मानूस मी, सुनेपुढं कशी सांगू. तो ड्रम बिचारा उगाच बदनाम झाला."

रूपालीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता भांडण होणार. तिने दामिनीला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि म्हणाली, "दीड टोपलं?"

"हो."

"आई, एक टोपलंभर टाकली असती तरी मी काही म्हटलं नसतं. वरचं अर्धं कशाला?"

आशाबाईला हसू की रडू कळेना. तिने पदराने नाक पुसलं. "हात सैल हाये वं माहा. जलमाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर दोघी आल्या. आशाबाईने मला स्वतः उचललं. वाळू आणि चिंचेने घासून तळाचा गंज काढला. झाकणाची वाकडी कड नत्थुजींनी हातोडीने ठोकून सरळ केली. "मले का विचारलं नाई कोनी आधी," ते पुटपुटत होते, "पंधरा मिनिटाचं काम." मी पुन्हा तीन दगडांवर बसलो.

या वेळी ढीग रूपालीने मोजला आणि पहारा आशाबाईने केला. ढिगाजवळ काठी घेऊन ती बसली होती. शेजारचे खुशालराव सहज डोकावले आणि म्हणाले, "आशाबाई, थोडं शेणखत टाका, मस्त येते."

"खुशालराव, हात मांगं!" आशाबाईने काठी उचलली. "याले मोजून खाऊ घालाचं असते. शिकलेलं पीक हाये ते."

चौदा पिशव्या. चार तास वाफ. राखेचं रिंगण. बाहेर हाऊ म्हणणारी दामिनी. कोठ्याचं दार बंद झालं, तेव्हा नोव्हेंबरची सत्तावीस तारीख होती. पांढरं जाळं पूर्ण धरायला तीन आठवडे लागतात. फूल यायला त्यापुढे आणखी आठ-दहा दिवस. एक तारखेला जेमतेम पुरावेत एवढेच दिवस उरले होते. हे गणित रूपाली रोज करत होती, आणि मीही.

वाट बघणं कसं असतं, ते मला पहिल्यांदा कळलं. ती आत जायची, मी ऐकायचो. पाणी फवारल्याचा आवाज. दोरीची करकर. बाहेर यायची, मी चेहरा वाचायचो. पंधराव्या दिवशी तिने हात उलटा करून आशाबाईच्या गालाला लावला. "थंड आहेत आई, सगळ्या थंड." विसाव्या दिवशी म्हणाली, "पांढऱ्याशुभ्र झाल्या." तिने पिशव्यांना चिरा दिल्या, म्हणजे फुलांना बाहेर यायला वाट मिळते.

आणि मग काहीच घडेना.

पंचवीस तारीख गेली. सव्वीस गेली. थंडी वाढली होती. रूपालीने कोठ्याच्या भिंतींना ओली गोणपाटं टांगली, दुपारी खिडकी उघडली, संध्याकाळी लावली. तिकडे नत्थुजींनी कुटाराच्या गाडीचं बोलून ठेवलं. ते दुष्ट नव्हते. दिलेला शब्द पाळत होते, आणि पाळायला लावत होते. अठ्ठावीस तारखेला रूपालीने दवाखान्यासाठी दोन चांगले ड्रेस धुऊन दोरीवर वाळत घातले. दामिनी त्या ड्रेसच्या ओढणीत लपून खेळत होती. आई तिच्याकडे बघून हसत होती, पण ते हसू किती वेळ टिकणार!

एकोणतीस तारखेच्या सकाळी धुकं होतं. रूपाली नेहमीसारखी कोठ्यात गेली. फवारा ऐकू आला नाही. दोरीही वाजली नाही. मी वाट पाहिली. ओट्यावर नत्थुजी चहाची बशी हातात धरून बसले होते. आशाबाई दारात उभी होती, पण आत जायला धजत नव्हती.

रूपाली बाहेर आली. तिचा चेहरा मला वाचता येईना. भिंतीकडेच्या राशीतून तिने पऱ्हाटीचा एक भारा ओढला, माझ्याजवळ आणून टाकला आणि चुलीतली जुनी राख हाताने बाहेर काढू लागली.

"अवं, का झालं?" आशाबाईने विचारलं. "बोलत काहून नाई?"

"आई, भुसा किती उरलाय?"

"पाच पोते. काहून?"

"मग चूल पेटवा. आजच दुसऱ्या चौदा भरू."

आशाबाई धावत आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अगं माय! अवं, टाचणीच्या डोक्याएवढे फुलं! आवो, या ना इकडं, बशी ठेवा ते!" नत्थुजी गेले. बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला.

"हालो, जीवन? कुटाराची गाडी पाठवू नोको. नाई, जागा नाई. कोठा भरला."

मला ती फुलं कधी दिसली नाहीत, मित्रांनो. घडाने तोडून टोपलीत नेतात तेव्हा त्यावर ओलं फडकं असतं. पण त्या सकाळी माझ्या तळाखाली पहिली काडी पेटली आणि ऊब हळूहळू वर चढत आली, तेव्हा मला कळलं की रूपाली आता आठच्या बसला जाणार नाही. दोरीवरचे दोन ड्रेस तिने काढून घडी करून आत नेले.

आता माझ्या मनातलं थोडं बोलतो. माझ्यासारख्या कितीतरी वस्तू, जनावरं, आणि दोन वर्षांची मुलंही, तुमच्या घरात असतील, ज्यांना आपली बाजू सांगता येत नाही. काही बिघडलं, तर ठपका ठेवण्याआधी एकदा नीट चौकशी करा. आणि चूक तुमच्या हातून झाली असेल, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. आशाबाईने सांगितलं म्हणून पुढच्या चौदा पिशव्या वाचल्या, पण आधी सांगितलं असतं तर महिनाभराची धाकधूक वाचली असती. आणखी एक. काम झालं की मला रिकामं करा, कोरडं पुसा आणि पालथं ठेवा. तळात पाणी राहिलं की मी आतून झिजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

बरं, आता दूर व्हा. वाफ सुटायला लागली आहे. अजून चार तास मला कोणाशी बोलायला वेळ नाही.